आबांचा प्रायव्हेट नंबर

अमेरिकेहून दादानं पाठवलेली ती डबी माझ्या हातात आली तेव्हा ती कशासाठी आहे हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. साबणाच्या वडीएवढी, काळी, पाठीमागं दोन भोकं आणि पुढं बारीकसा दिवा. दौंडचाच एक जण तिकडून सुट्टीवर आला होता, त्याच्या बॅगेतून चॉकलेटं, आईसाठी स्वेटर आणि ही डबी असं सगळं आलं. आईनं स्वेटर लगेच अंगात घालून बघितला, भर मे महिन्यात, दौंडला. चॉकलेटं फ्रीजमध्ये गेली. डबी तेवढी माझ्यासाठी कपाटात जपून ठेवली, कारण वायर असलेलं कुठलंही झेंगट माझ्या गळ्यात पडणार हे आमच्या घरात कधीच ठरून गेलंय.

मी तेव्हा शिरूरला सासरी राहत होते आणि जवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसते म्हणजे मला मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं दुरुस्त करता यायला पाहिजे, असा आईचा समज. रविवारी सकाळच्या एसटीनं मी दौंडला पोचले की चहाच्या आधी काय काय बिघडलंय त्याची यादी ऐकायला मिळायची. दादाचं बरं होतं. तो सातासमुद्रापलीकडं बसून नुसत्या सूचना द्यायचा.

तर ही डबी म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. घरात नेट होतंच, तेही दादाच्याच हट्टानं घेतलेलं. डबी नेटला जोडायची, डबीला साधा फोन जोडायचा, आणि दादानं तिकडच्या एका कॉलिंग कंपनीत उघडलेल्या खात्यातून आमच्या दौंडच्या घराला चक्क अमेरिकेतला नंबर मिळणार. दादानं तिथं बटणं दाबली की शेजारच्या गल्लीत लावल्यासारखा फोन इथं वाजणार, आणि कितीही वेळ बोललं तरी वेगळं बिल नाही.

पण कितीही वेळ बोलायचं म्हणजे आमच्या घरात पंचाईतच होती. त्याचं कारण आमचे आबा.

आबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. दौंडहून मनमाडकडं जाणाऱ्या एकेरी लाइनीवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. एकेरी लाइनीवर समोरासमोर दोन गाड्या सुटल्या तर संपलंच. म्हणून पुढच्या स्टेशनाला फोन करायचा, रस्ता मोकळा आहे का विचारायचं, त्यानं जे सांगितलं ते त्यालाच परत म्हणून दाखवायचं, आणि शेवटी एक नंबर घ्यायचा. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. प्रत्येक मास्तरजवळ अशा नंबरांचा छापील कागद असतो, तो दुसऱ्या कुणाला दाखवत नाहीत. नंबर दिला म्हणजे निरोप पक्का झाला, आता त्यात बदल नाही आणि नंतर ‘मी तसं बोललोच नव्हतो’ म्हणायची सोय नाही. एकदा दिलेला नंबर खोडायचा. तो पुन्हा चालत नाही.

जन्मभर फोन असा वापरलेल्या माणसाला फोनवर गप्पा मारतात हे पटणं शक्यच नव्हतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला मी शिरूरलाच होते. मुलगी झाल्याचं सांगायला माझ्या नवऱ्यानं दौंडला फोन लावला. पलीकडून आबा म्हणाले, “मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. बरोबर?” नवरा म्हणाला, “हो, बरोबर.” “बरं,” म्हणून आबांनी फोन ठेवून दिला. नवरा बिचारा रिसीव्हरकडं बघत बसला. आईकडून नंतर कळलं की आबा तिथून उठून थेट बाजारात गेले आणि पेढे आणून आख्ख्या गल्लीत वाटले. येईल त्याला थांबवून नातीचं कौतुक सांगत होते म्हणे. फोनवर मात्र त्यातला एक शब्दही नाही.

लहानपणी हा कायदा आम्हा भावंडांनाही लागू होता. आबा सांगायचे, “दुकानातनं साखर, चहापत्ती आन् काड्यापेटी. म्हण.” आम्ही म्हणायचं. मग ते हात पुढं करायचे, “नंबर?” आम्ही मनातला कुठलातरी आकडा द्यायचा आणि पळायचं. दादाचा आवडता आकडा बावन्न. का कुणास ठाऊक, पण पहिला तोंडात तोच यायचा. आबा मान हलवायचे, “वापरला त्यो. दुसरा दे.” रोज हेच. मला वाटतं दादा मुद्दाम करायचा, आणि आबांनाही ते ठाऊक होतं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “पोरगं दुकानात चाललंय, मालगाडी न्हाई!”

निवृत्त झाल्यावर आबांनी रेल्वे कॉलनी सोडली आणि दौंडलाच घर बांधलं. खाली तीन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीच्या चारी कोपऱ्यांना खांबांच्या सळया वर काढून ठेवलेल्या. पुढं वरचा मजला चढवायचा, तो दादाचा. दादा आधी दोन वर्षांसाठी म्हणून गेला, मग नोकरी बदलली, मग लग्न झालं, सून तिकडं गेली, मुलगा झाला, आणि परत यायची गोष्ट ‘बघू’वर येऊन थांबली. आबा मात्र दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सिमेंट कालवून गच्चीवर जायचे आणि त्या सळयांना स्वतःच्या हातानं लेप द्यायचे, गंजू नयेत म्हणून. तू येणार की नाही, असं त्यांनी दादाला एकदाही विचारलं नव्हतं. आई रोज विचारायची. दादा आईला रोज नवं काहीतरी सांगायचा.

डबी जोडायचा रविवार ठरला. दादा जुन्या फोनवर, मी टेबलाखाली, आई रिसीव्हर माझ्या कानाला धरून उभी, आणि आबा खुर्चीवर बसून देखरेखीला. पहिला खोळंबा पिनेचा. अमेरिकेतली पिन चपटी, आमच्या भिंतीतली भोकं गोल. बाजारात जाऊन जोडपिन आणली. मग दादा म्हणाला, डबीच्या पोटावर चिकटवलेला नंबर कंपनीच्या साइटवर टाक. तो नंबर इतका बारीक की आईच्या चष्म्यातून वाचावा लागला. एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. दादा तिकडून शांतपणे “अगं, सावकाश” म्हणत होता. मला इतका राग आला की म्हटलं, तूच ये आणि जोड. त्यानं विषयच बदलला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

“दिवा कुठला लागलाय?” त्यानं विचारलं.

मी टेबलाखाली, मला दिसेना. वरून आबा म्हणाले, “लाल.”

“थांबा जरा. आता?”

“पिवळा. कुणी हात लावायचा न्हाई. पिवळा म्हंजी सावध.”

आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. आईनं उगीचच पदर सावरला.

“हिरवा,” आबा म्हणाले. “जाऊ द्या.”

आणि नवा फोन वाजला. आईनं उचलला आणि पहिलं वाक्य बोलली, “जेवलास का?” आवाज इतका स्वच्छ की आई दचकून मागं बघायला लागली. फक्त एक गंमत होती, बोललेलं पलीकडं पोचायला क्षणभर वेळ लागायचा. आईला हे कळेपर्यंत दोघंही एकदम बोलायचे, एकदम थांबायचे आणि पुन्हा एकदम बोलायचे. मी हसून लोळले. मग सून बोलली, नातू बोलला, केंदूरच्या मामाच्या म्हशीपासून सगळ्या बातम्या झाल्या, आणि शेवटी रिसीव्हर आबांच्या हातात गेला.

“जयभीम, आबा.”

“जयभीम. ह्ये कवापर्यंत चालंल?”

“आता काय आबा, कायमचं! कधीही लावा, कितीही बोला.”

“कायमचं. बरं,” आबा म्हणाले. “ठेवतो.”

संध्याकाळी मी निघायच्या आधी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले तर आबा सळयांपाशी सिमेंटचं घमेलं घेऊन बसले होते, पण हात चालत नव्हता. मी म्हटलं, “काय झालं आबा? फोन तर झकास लागला.”

“लागला की,” ते म्हणाले. “दोन वर्षांनी माघारी येणारा माणूस कायमची लाइन टाकत न्हाई, बाई.”

इतका वेळ मी दिवे आणि पिना बघत होते आणि त्यांनी भलतंच वाचलं होतं. मी म्हटलं, “मग विचारा ना त्याला सरळ.”

“विचारलं तर त्यो सांगंल. सांगितलं म्हंजी घ्यावं लागंल.” मग त्यांनी थापी उचलली आणि लेप द्यायला लागले. मी कपडे तसेच तारेवर ठेवून त्यांच्याशेजारी बसले. मला आबांचा इतका कळवळा त्याआधी कधी आला नव्हता.

फोन चालू राहिला. दौंडला तेव्हा भारनियमन होतं आणि आमच्याकडं लाईट सकाळी जायची ती जेवणाच्या वेळेला यायची. जुना फोन लाईट गेली तरी चालायचा, हा मात्र लाईटबरोबर मान टाकायचा. त्यामुळं आमच्या भागातली लाईट कधी जाते आणि कधी येते हे अमेरिकेत दादाला पाठ झालं. आई लाईट जायच्या आत रोज बोलून घ्यायची. सुनेला फोनवरून पुरणपोळी शिकवली, ती तिकडं फाटली, इथं आईनं कपाळावर हात मारला. आबांचं मात्र “जयभीम, ठीक हाय, ठेवतो” एवढ्यावरच. दादा मला म्हणायचा, “अगं, आता फुकट आहे तरी आबा बोलत का नाहीत?” मला उत्तर माहीत होतं, पण ते त्यानं आबांकडूनच घ्यावं असं वाटायचं.

मग एक दिवस आईनं झाडताना वायर ओढली आणि फोन बंद पडला. वायर पुन्हा खोचली की चालू झाला, पण आबांना ते रुचलं नाही. गाड्यांची परवानगी घ्यायच्या यंत्राला स्टेशनात कुलूप असतं, कुणीही हात लावत नाही. त्यांनी कासुर्डीच्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी पेटी करून आणली, डबी आत ठेवली, वायरपुरती खाच पाडली आणि वर कुलूप लावलं. किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. वर आईनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला.

दोनच दिवसांत फोन तासातासाला मरायला लागला. मी शिरूरहून जुन्या फोनवर विचारलं, “काही बदल केलाय का?” आई म्हणाली, “काहीच न्हाई.” दादानं तिकडं कंपनीला फोन केला, कंपनीनं सांगितलं की आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. नेटवाला येऊन गेला, त्यानंही तेच सांगितलं. रविवारी मी गेले तेव्हा पेटी बघितली. किल्ली मागितली तर आबा देईनात.

“तिला काय झालं न्हाई. बंदोबस्तात हाय.”

“आबा, उघडा.”

शेवटी उघडली. डबी हातात धरवेना, तव्यावरून काढलेल्या भाकरीगत. मी भडकलेच. “अहो, तिला वारा लागतो! तुम्ही तिला सागवानात कोंडली आणि वर आईनं पांघरूण घातलं! आम्ही अमेरिकेपर्यंत माणसं कामाला लावली!” आई रुमाल उचलून हळूच आत सटकली.

आबा रागावले नाहीत. डबीवर फुंकर घालत बसले, लहान मुलाच्या भाजलेल्या बोटावर घालतात तशी. म्हणाले, “एकच लाइन हाय त्याच्याकडं जाणारी. तुटाया नको म्हून केलं.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी सुताराला बोलावून पेटीला चारी बाजूंनी भोकं पाडून घेतली, कुलूप काढलं नाही. आणि त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन दादाला फोन लावला. तिकडं पहाट होती. त्याची झोप मोडली, मोडू दे म्हटलं. “तू परत येणार नाहीस ना?” तो काहीतरी गोलगोल बोलायला लागला. मी म्हटलं, “मला नको सांगू. आबांना सांग. ते रोज फोनपाशी तेवढ्यासाठीच बसतात आणि तेवढ्यालाच घाबरून ठेवून देतात. म्हातारा माणूस अजून सळयांना सिमेंट लावतोय, दादा.” मग म्हणाला, “पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी मी लवकर पोचले. आबांनी दाढी केली होती, पांढरा सदरा घातला होता. मी काही बोलले नव्हते, तरी त्यांना कुणकुण लागलीच असणार. फोन वाजला. आई पुढं झाली तर दादा म्हणाला, आधी आबांना दे.

आबांनी रिसीव्हर घेतला. खोली लहान, आवाज मोठा, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“आबा, मी इथं घर घेतलं. आम्ही आता इथंच राहणार. कायमचे. परत यायचं नाही असं ठरवलंय आम्ही.” त्यानं एका दमात सांगितलं. “आधीच सांगायला पाहिजे होतं.”

आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. आबा ताठ बसले होते. मला वाटलं आता ते म्हणणार, बरं, ठेवतो. मला ते ऐकायचं नव्हतं.

“तिथं घर घेतलं,” आबा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द सुटा. “तिथंच ऱ्हाणार. परत येणार न्हाई. बरोबर?”

आवाज तिकडं पोचून उत्तर यायला लागतो तेवढाच वेळ, पण तो संपता संपेना.

“बरोबर, आबा.”

“नंबर?”

दादा रडत होता का हसत होता मला कळलं नाही.

“बावन्न.”

आबांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, वापरला त्यो.

“बावन्न,” आबा म्हणाले. “चालंल.”

आणि त्यांनी फोन ठेवला नाही. पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली, रिसीव्हर या कानावरचा त्या कानावर घेतला आणि विचारलं, “बरं, आता बोल. घर कसं हाय? पाणी हाय का? आन् रेल्वे किती लांब हाय तिथनं?”

आई रडायची थांबून त्यांच्याकडं बघायला लागली. मीही. पुढं जे झालं ते आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आबांनी घराची दिशा विचारली, घराच्या पायाला दगड आहे की माती ते विचारलं, नातवाच्या शाळेचं विचारलं, सून थंडीत कशी करते ते विचारलं. सळयांचं काय करायचं असं दादानं भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, “कापतो. तुझ्या आईला वाळवणाला जागा व्हईल.” आणि पुन्हा, “व्हय, तू रेल्वेचं सांगत व्हतास.”

दादा सांगत होता. त्याच्या घराजवळ रेल्वेचं फाटक आहे, तिथून मालगाड्या जातात, दोन दोन मैल लांब, आणि तो अजून मोटार थांबवून डबे मोजतो, लहानपणी आबांच्या ऑफिसच्या दारात बसून मोजायचा तसे. परवा म्हणे अशीच एक गाडी आली आणि बरोबर फाटकावर बंद पडली, दोन्हीकडं मोटारींची रांग, आणि ड्रायव्हर खाली उतरून...

पंखा थांबला. लाईट गेली होती.

“हॅलो,” आबा म्हणाले. “हॅलो.”

मी म्हटलं, “आबा, फोन बंद झाला. आता लाईट आल्यावर. ठेवा खाली, नाहीतर वाजणार कसा?”

त्यांनी ठेवला, पण हात रिसीव्हरवरच राहिला. आईनं तोंड धुतलं, चहा केला, तो त्यांनी डाव्या हातानं प्यायला. मी जुन्या फोनवरून लावून देऊ का विचारलं तर नको म्हणाले. तिकडं रात्र चढत होती. आई म्हणाली, “निजलं असंल आता पोरगं.”

“न्हाई निजायचा,” आबा म्हणाले.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा पंखा फिरला. पेटीच्या भोकातून लाल उजेड दिसला, मग पिवळा. आम्ही तिघंही बघत होतो. हिरवा लागला आणि थोड्याच वेळात घंटा सुरू झाली. ती पुरती वाजूही न देता आबांनी रिसीव्हर उचलला.

“व्हय,” ते म्हणाले. “मग, उघडलं का फाटक?”